वेळ कुठे जातो?

"काय करावे, वेळच मिळत नाही!" असे आपण सगळेच म्हणतो. ते काही खोटे नाही. शेत, गुरे, पाणी, सरपण, स्वयंपाक, मुले. दिवस कसा मावळतो ते कळत नाही. पण त्याच दिवसातला थोडा वेळ आपल्या हातून वायाही जातो. घागरीला बारीक भोक असले म्हणजे पाणी थेंबथेंब गळते. डोक्यावर घेऊन चालताना ते समजत नाही. घरी येऊन पाहावे, तर घागर अर्धी! वेळेचेही तसेच आहे.

आपण साधा हिशेब करू. रोज अर्धा तास वाया गेला असे धरा. महिन्याचे झाले 15 तास. वर्षाचे झाले 182 तासांहून जास्त. आठ तासांचा एक दिवस धरला, तर वर्षाला 22 दिवसांहून जास्त काम बुडाले. आता 22 दिवसांची मजुरी मनात मोजून पाहा. अर्धा तास लहान नाही, बरे का!

आजचे काम उद्यावर

धडगाव, मोलगीकडची माणसे उन्हाळ्यात आमचूर करतात. गावरान कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. काम घरचेच, पण ते थांबत नाही. सोललेली कैरी तशीच पडू दिली, तर काळी पडते. फोडी नीट वाळण्याआधी पाऊस आला, तर माल खराब होतो. पांढऱ्या, स्वच्छ आमचुराला भाव चांगला मिळतो. काळ्या मालाचा भाव पडतो. कैरी तीच, झाड तेच, कष्टही तेवढेच. "फोडी उद्या करू" एवढ्या एका शब्दाने पैसे कमी झाले.

नंदुरबारच्या मिरचीचेही असेच आहे. लाल मिरची उघड्यावर पसरून वाळवतात. आभाळ भरून आल्यावर ताडपत्री शोधत बसले, तर मिरची भिजते. ताडपत्री पसरलेल्या मिरचीजवळच ठेवली असती, तर ही धावपळ झालीच नसती.

म्हणून आम्ही म्हणतो, वेळ वाचवायचा म्हणजे घाई करायची असे नाही. कामाची वेळ ओळखायची आणि लागणारी वस्तू हाताशी ठेवायची.

एका कागदापायी दुसरी फेरी

धडगावचा माणूस सरकारी कामाला नंदुरबारला जातो. घाट उतरावा लागतो. मोटारीचे भाडे लागते. दिवसाची मजुरी बुडते. तिथे गेल्यावर कळते, बँकेचे पुस्तक घरीच राहिले. मग हात हलवत परत यायचे आणि पुन्हा दुसरी फेरी घालायची. दोन दिवस गेले, दोनदा भाडे गेले.

यावर उपाय सोपा आहे. एक जाड पिशवी घ्या. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, सातबाराचा उतारा, मुलांचे जन्मदाखले, सगळे त्या पिशवीत ठेवा. पिशवी एकाच खुंटीला टांगा. कागद काढला, की काम झाल्यावर परत तिथेच. घरातल्या प्रत्येकाला ती खुंटी माहीत हवी.

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा उपयोग करा. बाजाराला निघण्याआधी यादी लिहा: मीठ, तेल, साबण, बियाणे. मग एका काडेपेटीसाठी पुन्हा दुकानाची वाट धरावी लागत नाही. बाळाच्या लसीची तारीख, बी-बियाण्याच्या उधारीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डोक्यावरचा भार हलका होतो.

सवय म्हणजे पायवाट

सवय पायवाटेसारखी असते. रोज त्याच जागेवरून चाललो, की गवत मरते आणि वाट पडते. मग पाय आपोआप तिकडेच वळतात. जेवण झाले की पाय पाराकडे वळतात, नाही तर हात मोबाईलकडे जातो. पाच मिनिटे बसायचे म्हणून बसतो आणि तास निघून जातो.

"उद्यापासून सोडतो" असे नुसते म्हटल्याने वाट मोडत नाही. जुन्या वाटेवर काटेरी फांदी टाकावी लागते आणि दुसरी वाट पाडावी लागते. मोबाईल उशाशी न ठेवता दूरच्या कोनाड्यात ठेवा, ही झाली फांदी. जेवण झाले की आधी उद्याच्या कामाची तयारी करायची, ही झाली नवी वाट. विळा, दोरी, पाण्याची कळशी रात्रीच जागेवर ठेवली, म्हणजे सकाळी शोधाशोध राहत नाही. मधे एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या वाटेनेच चालावे.

एकट्याला हे जड जाते. सगळ्यांनी मिळून केले, म्हणजे सोपे होते. हे आपल्याच मुलखात घडले आहे. तळोदा तालुक्यात 1930 नंतरच्या काळात गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना स्वच्छ राहायला आणि दारू सोडायला सांगितले. लोकांनी एकमेकांच्या साथीने ते केले. पुढे 1972 नंतर शहादा भागातल्या श्रमिक संघटनेच्या बायका एकजुटीने निघाल्या. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. दारू पैसा खातेच. शिवाय ती माणसाची संध्याकाळ खाते आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही खाते. त्या घरात सगळ्यांचाच वेळ जातो.

कोणाचा वेळ?

आता एक नाजूक गोष्ट बोलू. घरात सगळ्यांचा वेळ सारखा जात नाही. सरकारने 2024 साली देशभर घरोघरी विचारून पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी 289 मिनिटे घरकामात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि पुरुषांची? जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटे, म्हणजे दीड तास. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. शंभरात तीससुद्धा नाहीत.

म्हणजे "घरात वेळ वाया जातो" असे म्हणताना बाईला बोल लावू नये. तिचा वेळ वाया जात नाही, तो कामातच संपतो. दादांनो, पारावरचा अर्धा तास वाचला, तर तो आधी तिच्या कामाला द्या. दोन हंडे पाणी आणा. सरपण फोडून ठेवा. मुलाला अंघोळ घालून शाळेत पोचवा. यात कमीपणा नाही. पाणी आणायला रोज मोठी मुलगी जाते आणि तिची शाळा बुडते, असे अनेक घरांत होते. बापाने दोन खेपा केल्या, तर मुलगी वेळेवर शाळेत जाईल. अर्ध्या तासाचे याहून चांगले मोल कोणते?

विसावा म्हणजे वाया नव्हे

कोणी म्हणेल, मग काय बैलासारखे राबतच राहायचे? तसे नाही. दुपारची घटकाभर झोप, संध्याकाळी शेजाऱ्याशी दोन गोष्टी, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, काठीच्या होळीचा रात्रभराचा नाच, हा वेळ वाया गेलेला नव्हे. त्यातून मन ताजे होते आणि माणसे जोडली जातात. बसायचे म्हणून आनंदाने बसलो, तर तो विसावा. उठायचे मनात असून उठवत नाही, आणि मागून मनाला लागते, तो वेळ वाया गेला. हा फरक ज्याचा त्याला बरोबर कळतो.

सगळे एकदम करू नका. या आठवड्यात तीनच गोष्टी करून पाहा. कागदांची पिशवी खुंटीला टांगा. रात्री निजण्याआधी सकाळची तयारी करा. आणि घरच्यांनी एकत्र बसून एकमेकांना विचारा, "तुझे कोणते काम मी करू?" आठ दिवसांनी त्या तीन गोष्टींपुढे वहीत लिहा: जमले की नाही जमले. जमले ते चालू ठेवा. मग चौथी गोष्ट धरा.