संध्याकाळी हरवणारा कॅमेरा

बोर्डीच्या एका चिकूच्या वाडीत दोन कॅमेरे बसवलेले आहेत. एक फाटकावर, दुसरा मागे पंपाच्या खोलीशी. वाडीत सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला असतो. कामातून सवड मिळाली की तो खिशातला फोन काढतो आणि आईचे अंगण पाहून घेतो. एका पावसाळ्यात या कॅमेऱ्यांनी विचित्र खोड धरली. फाटकावरचा कॅमेरा दिवसभर उत्तम चाले. पण दिवेलागणीला त्याचे चित्र नाहीसे होई, ते उजाडल्यावरच परत येई. पंपाकडच्या कॅमेऱ्याला दिवस काय नि रात्र काय, सारखेच. मात्र पावसाची मोठी सर आली की तो गप्प.

रात्री मुलाचा फोन येई, "आई, फाटकाशी जाऊन त्याची पिन काढून परत लाव बरं." म्हणजे ज्यांच्या काळजीपोटी कॅमेरा लावला, त्यांनीच भर पावसात, विंचूकाट्याच्या अंधारात बॅटरी घेऊन फाटक गाठायचे! एकदा ओल्या पायरीवरून आजींचा पाय घसरला. मनगट मुरगळण्यावर निभावले, एवढेच. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्राच्या बिघाडाचा राहिला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून तुम्हीच तर्क करून पाहा. एक धागा हाती देतो. जुलैत चित्र पावणेआठच्या सुमारास जात असे. सप्टेंबरअखेर ते पावणेसातलाच जाऊ लागले.

संध्याकाळी विजेचा दाब कमी होतो म्हणून कॅमेरा बंद पडतो, असे शेजाऱ्यांचे मत होते. पण कॅमेऱ्याच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत '१००-२४०' असे छापलेले असते. १०० ते २४० व्होल्टपर्यंत कितीही दाब मिळाला तरी तो पलीकडे ५ व्होल्टच देतो. दुसरे मत असे, की संध्याकाळी सगळेच फोन घेऊन बसतात, म्हणून वाहिनीवर गर्दी होते. ही गर्दी खरी. परंतु माणसे घड्याळाप्रमाणे वागतात. हा कॅमेरा घड्याळाप्रमाणे नव्हे, सूर्याप्रमाणे वागत होता.

कॅमेऱ्यापासून मुंबईतल्या फोनपर्यंतचा रस्ता म्हणजे एक साखळी आहे. कॅमेरा चित्राचे आकडे करतो आणि रेडिओ लहरींवरून घरातल्या राउटरकडे पाठवतो. तेथून ते काचतंतूतून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातात, आणि तेथून फोनकडे. 'कनेक्शन गेले' एवढेच फोन सांगतो. कोणती कडी तुटली ते सांगत नाही. ती आपणच शोधायची, आणि शोधताना साखळीच्या मधोमध हात घालावा. घरातल्या इतर फोनांना त्याच राउटरवरून इंटरनेट मिळत होते. म्हणजे राउटरपासून पुढची सारी साखळी निर्दोष! उरला कॅमेरा ते राउटर एवढाच टप्पा. अंधार पडताना आम्ही फाटकाशी उभे राहिलो. कॅमेऱ्यातून 'टक्' असा बारीक आवाज आला, त्यावरचा निळा दिवा विझला, अर्ध्या मिनिटाने पुन्हा लागला, पुन्हा 'टक्', पुन्हा विझला.

त्या 'टक्'मध्ये सारे रहस्य आहे. दिवसा कॅमेऱ्याच्या भिंगामागे अवरक्त किरण अडवणारी एक काच असते. ती नसेल तर रंग विचित्र दिसतात. अंधार पडला की एक चिमुकले विद्युत्चुंबक ही काच बाजूला सरकवते आणि भिंगाभोवतालचे अवरक्त दिवे लागतात. त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा ८५० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांना फार तर मंद लालसर ठिपके दिसतात, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला त्या उजेडात अंगण लख्ख दिसते. मात्र हे दिवे फुकट जळत नाहीत. दिवसा ०.३ अँपिअर प्रवाह घेणारा हा कॅमेरा रात्री ०.७ अँपिअर मागत होता.

आता तारेकडे वळू. अ‍ॅडॉप्टर ओटीवर, कॅमेरा १५ मीटर दूर, आणि मध्ये घंटीला वापरतात तशी बारीक तार: तांब्याचा छेद ०.२ चौरस मिमी. जाण्यायेण्याची मिळून लांबी ३० मीटर. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर तारेचा रोध सुमारे २.५ ओहम येतो. तारेला मध्येच एक जोड होता, नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी उलगडली तर आत हिरवट भुकटी! त्या जोडाचा रोध आणखी अर्धा ओहम भरला. एकूण ३ ओहम.

ओहमचा नियम लावा. दिवसा ०.३ × ३ म्हणजे ०.९ व्होल्ट वाटेत खर्च होतात, कॅमेऱ्याला ४.१ मिळतात. त्याची आतली मंडले ३.३ व्होल्टवर चालतात, त्यामुळे तो कसाबसा निभावून नेतो. रात्री ०.७ × ३ म्हणजे २.१ व्होल्ट वाटेत गेले. पोचायला उरले २.९. कॅमेरा मान टाकतो. मान टाकली की अवरक्त दिवे विझतात, प्रवाह थांबतो, तारेतली घट नाहीशी होते आणि टोकाशी पुन्हा ५ व्होल्ट हजर! कॅमेरा जागा होतो, अंधार पाहतो, दिवे लावतो, पुन्हा मान टाकतो. वेताळ पुन्हा झाडावर. रात्रभर हाच खेळ. आजींनी पिन काढून लावली की मिनिटभर चित्र का दिसे आणि मग पुन्हा का जाई, हेही यातून उलगडते. त्यांच्या त्या फेऱ्यांचा काडीइतकाही उपयोग नव्हता.

जोडाची हिरवट भुकटी ही समुद्राची करणी. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते तुम्ही पाहिले असेल. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलसर होते. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत वाऱ्याबरोबर येऊन बसणारा खारा थर बहुतेक वर्षभर ओला राहतो. ओले मीठ म्हणजे विद्युत् अपघटनी द्रव. तांब्याला गंज चढवायला आणखी काय हवे?

उपाय सोपा निघाला. १.५ चौरस मिमी छेदाची, मध्ये जोड नसलेली तार टाकली. तिचा रोध ०.३४ ओहम, म्हणजे रात्रीची घट जेमतेम पाव व्होल्ट. कॅमेऱ्याकडच्या टोकाला डाख लावून ते झाकणाच्या डबीत बंद केले. दुसरा मार्गही होता. दूरवर वीज न्यायची तर दाब वाढवावा. मग तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि वाटेतली घट उतरते. डहाणूच्या औष्णिक केंद्रातली वीज मुंबईकडे २२० किलोव्होल्टने जाते ती याच कारणाने. मोठ्या इमारतींतल्या कॅमेऱ्यांना जाळ्याच्या तारेतूनच ४८ व्होल्टच्या आसपास वीज देतात, तेही याच कारणाने. (२३० व्होल्टच्या तारेला मात्र तुम्ही हात लावू नका. ते काम वायरमनचे.)

राहिला पंपाकडचा, पावसात रुसणारा कॅमेरा. येथे वीज ठीक होती, बिघाड लहरींत होता. वाय-फायच्या या लहरींची कंप्रता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा: तरंगलांबी साडेबारा सेंमी. अशा आखूड लहरी भिंतींतून पार होतात हे आपल्या देशात फार पूर्वी दाखवले गेले आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आखूड रेडिओ लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवली होती.

पण पार होताना लहरी क्षीण होतात. त्यांचा हिशेब डेसिबेलमध्ये मांडतात. दर १० डेसिबेलला शक्ती दहा पटींनी उतरते. राउटर सुमारे १०० मिलिवॅट शक्ती बाहेर टाकतो, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत +२० डेसिबेल. पंपाची खोली ६० मीटर दूर. नुसत्या अंतरामुळे ७६ डेसिबेल गेले. घराची जुनी विटांची भिंत, ८. मध्ये तीसएक मीटर चिकूची पालवी, १३. ढोबळ बेरीज उणे ७७. बहुतेक कॅमेरे उणे ७० पर्यंत सुखाने चालतात आणि उणे ८० च्या पुढे अडखळतात. म्हणजे हा कॅमेरा कोरड्या दिवसांतही काठावरच उभा होता! शिवाय चिकू सदाहरित. सागासारखा पाने गाळून तो लहरींना उन्हाळ्यात वाट करून देत नाही. दोन झाडांत दहाएक मीटर अंतर ठेवून लावलेल्या जुन्या वाडीत फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतात.

पाऊस पडला की काय होते? हवेतल्या थेंबांनी लहर शोषली, असे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. या कंप्रतेला मुसळधार पावसातही एका किलोमीटरमागे एका डेसिबेलचा अल्पसा अंश जातो. ६० मीटरची काय कथा! पाणी नडते ते पानांवर आणि भिंतीत. हजारो ओली पाने मिळून एक विरळ पाण्याचा पडदाच तयार होतो. आणखी चारपाच डेसिबेल गेले की काठावरचा कॅमेरा पलीकडे पडतो. पाण्याचे रेणू २.४ गिगाहर्ट्झला 'अनुनाद' करतात, म्हणून मायक्रोवेव्ह भट्टीही याच कंप्रतेवर चालते, असे काही पुस्तकांतही लिहिलेले आढळते, तेही चूक. साध्या तापमानाच्या पाण्याचे शोषण २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते. २.४ चा पट्टा भट्ट्यांसारख्या उपकरणांसाठी १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत राखून ठेवला गेला, आणि पुढे वाय-फाय त्याच मोकळ्या रानात शिरले. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

येथे खर्च शून्य आला. राउटर कपाटामागून काढून वाडीकडच्या खिडकीत ठेवला. कॅमेरा पंपाच्या खोलीच्या पत्र्याखालून (धातूचा पत्रा लहरींना भिंतीसारखा नव्हे, आरशासारखा) दोन मीटर बाजूला, झाडांच्या दोन ओळींमधल्या वाटेच्या तोंडाशी आणला. नुसती सरळ नजर पोचून भागत नाही, बरे का! ६० मीटरच्या वाटेवर मधोमध सुमारे १.४ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते, अन्यथा विवर्तनामुळे लहरींचे नुकसान होते. म्हणून आड येणाऱ्या दोन खालच्या फांद्या छाटल्या. आकडा उणे ६२ वर आला.

बाकी किरकोळ कारणे पुष्कळ. घरमालकाने राउटरचा परवलीचा शब्द बदलला आणि कॅमेऱ्याला सांगितला नाही. नव्या राउटरने ५ गिगाहर्ट्झचेच जाळे दिले आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ ची भाषा येते. वीज गेल्यावर घड्याळ पुसले गेले आणि चित्रावर १ जानेवारी १९७० ही तारीख झळकली. अनेक संगणक काळ त्या दिवसापासून मोजतात. तारीख चुकली की दूरचा संगणक दाखवतो ते ओळखपत्र कॅमेऱ्याला खोटे वाटते आणि तो बोलणेच थांबवतो.

आता तुम्ही एक प्रयोग करा. रेडिओ लहरींची तीव्रता उणे डेसिबेलमध्ये दाखवणारे मोफत अ‍ॅप शिक्षकांच्या किंवा घरच्यांच्या फोनवर घ्या. राउटरपासून सुरुवात करून दर पाच पावलांना आकडा टिपा आणि आलेख काढा. आडवा अक्ष अंतराच्या लॉगॅरिथमचा घेतला तर मोकळ्या मैदानावरचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत यावेत. झाडांत शिरताच रेषा कोठे मोडते ते पाहा. मग एका जागी उभे राहून फोन क्रमाने कोरड्या टॉवेलात, ओल्या टॉवेलाच्या आडोशाला आणि स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात धरा. शेवटी फोन छातीशी धरून राउटरकडे पाठ करा. आकडा किती उतरला ते लिहा, आणि आपल्या शरीरात सुमारे साठ टक्के पाणी असते हे ध्यानात घेऊन त्याचा अर्थ लावा.