काळ्या पट्टीचे मोजमाप

जेल आणि वेस्टर्न ब्लॉट टिपणारे यंत्र घ्यायचे ठरले की प्रयोगशाळेत पहिला प्रश्न निघतो तो मेगापिक्सेलचा. माझ्या मते तो शेवटी विचारावा. या यंत्राकडून आपल्याला सुबक छायाचित्र नव्हे, विश्वासार्ह मोजमाप हवे असते.

जेलमध्ये विद्युत्प्रवाहामुळे डीएनएचे तुकडे आकारमानानुसार वेगळे होतात. इथिडियम ब्रोमाइडने रंगवलेला डीएनए अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. ही चमक टिपायला साधा कॅमेरा, योग्य फिल्टर आणि अंधारी पेटी पुरते. मात्र अतिनील किरण डीएनएला इजा करतात. पट्टी कापून पुढे क्लोनिंगसाठी वापरायची असेल, तर निळ्या प्रकाशाची सोय आणि त्याला जुळणारा रंग घ्यावा.

वेस्टर्न ब्लॉटची गरज निराळी. एडविन सदर्न यांच्या आडनावावरून डीएनएच्या पद्धतीला ‘सदर्न ब्लॉट’ नाव मिळाले होते. त्यावर कोटी करून बर्नेट यांनी १९८१ मध्ये प्रथिनांच्या पद्धतीला ‘वेस्टर्न’ म्हटले. यात जेलमधली प्रथिने पातळ पटलावर उतरवतात. प्रतिपिंडे त्यांतले हवे ते प्रथिन हुडकतात आणि प्रतिपिंडांना जोडलेल्या विकरामुळे ल्युमिनॉलमधून अतिशय मंद निळसर उजेड निघतो. तो साठवायला कधी काही सेकंद, कधी कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात उष्णतेमुळे सेन्सरमध्ये खोटा संकेतही साचत जातो. म्हणून येथे थंड ठेवलेला सेन्सर लागतो.

खरा धोका संपृक्ततेचा. समजा, एका औषधाने कर्कपेशींतले एक प्रथिन निम्मे झाले. पण एक्स-रे फिल्मवर दोन्ही पट्ट्या पुरत्या काळ्या उमटल्या, तर फरक दिसणारच नाही आणि गुणकारी औषध निकामी ठरेल. ८ बिटच्या चित्रात २५६ छटा मावतात, १६ बिटच्या चित्रात ६५,५३६. तरीही सेन्सर काठोकाठ भरला की पुढची वाढ नोंदलीच जात नाही. म्हणून संपृक्त पिक्सेल वेगळ्या रंगात दाखवणारी आणि मूळ फाइल न बदलता जपणारी प्रणाली मी पसंत करतो. एकाच पटलावर दोन प्रथिनांची तुलना नेहमी करावी लागत असेल, तर दोन रंगांत प्रतिदीप्ती टिपणाऱ्या यंत्राचा जादा खर्चही सार्थकी लागतो.

विक्रेत्याने आणलेल्या देखण्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये. आपलाच नमुना पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश असा विरळ करून ब्लॉट करावा आणि तो प्रत्येक यंत्रावर लागोपाठ दोनतीनदा टिपावा. आकडेही त्याच प्रमाणात उतरले पाहिजेत. सगळ्या यंत्रांवर ते बिघडले, तर दोष बहुधा रसायनात किंवा प्रतिपिंडाच्या मात्रेत असतो. एकाच यंत्रावर बिघडले, तर ते यंत्र कितीही सुंदर चित्र देवो, परत पाठवावे.