मुदतीची आदली रात्र

हिवाळी सत्राच्या परीक्षा तोंडावर आल्या, की हिंगोली, वसमत, कळमनुरी आणि सेनगाव येथील झेरॉक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत जी गर्दी लोटते, ती पाहून वडीलधारी मंडळी आजची मुले आळशी झाल्याचा निवाडा देऊन मोकळी होतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे प्रकल्प, स्वाध्याय आणि अंतर्गत मूल्यमापन यांचा भार वाढल्यापासून तर या तक्रारीला विशेषच जोर चढला आहे. हा निवाडा मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो.

कारण ज्या मुलाचे जर्नल आदल्या रात्रीपर्यंत कोरे असते, तोच मुलगा घरच्या हळदीच्या कामात दिरंगाई होऊ देत नाही. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, ती काढल्यानंतर थोड्याच दिवसांत शिजवली नाही तर तिची प्रत उतरते, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकविलेले नसते. तेथे काढणी, शिजवण, वाळवण, पॉलिश अशा प्रत्येक टप्प्याला स्वतःची मुदत असते, सोबतीला घरची माणसे असतात आणि श्रमाचे फळ डोळ्यांसमोर ढिगाने साचत जाते. महाविद्यालयीन कामात यांतले काय असते?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी चालढकलीवरील तोवरच्या संशोधनाचा जो विस्तृत आढावा २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात दिसून आले, की काम जितके नकोसे, त्याचे फळ जितके दूर आणि ते आपल्या हातून पार पडेल हा भरवसा जितका कमी, तितकी चालढकल अधिक. आळशी मनुष्याला न केलेल्या कामाची टोचणी नसते. चालढकल करणाऱ्याला ती अहोरात्र असते, आणि त्या टोचणीपासून घटकाभर सुटका मिळावी म्हणूनच तो मोबाईल हाती घेतो.

या सुटकेची किंमत डायान टाइस व रॉय बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांनी १९९७ साली मांडली, आणि मला तो अभ्यास या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी एका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांची प्रकृती, ताण आणि निबंध दाखल करण्याची वेळ यांची नोंद ठेवली. सत्राच्या प्रारंभी चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा निश्चिंत आणि निरोगी होते. मुदत जवळ येताच त्यांचा ताण व आजारपण इतरांहून वाढले, एकूण जमाखर्चात त्यांच्या पदरी दुखणेच अधिक पडले आणि गुणही कमी मिळाले. ताणाखालीच आपले काम उत्तम होते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. बारावीपर्यंत कला शाखेत किंवा खेड्यातील शाळेत सर्व काही मराठीत शिकलेल्या, अथवा विज्ञान केवळ पाठांतराने पार केलेल्या मुलापुढे पदवीच्या वर्गात इंग्रजी स्वाध्याय येतो, तेव्हा पहिलेच वाक्य लिहिताना त्याचा हात अडतो; आणि अडलेला हात तो विषय उद्यावर तहकूब करतो. पुढे वरच्या वर्गातील मित्राचे जर्नल मिळते, त्यातील निरीक्षणांचे आकडे, इतकेच काय, त्यातील चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते, आणि शेवटच्या दिवशी ढिगावर सह्या होतात. जे काम कोणी वाचणार नाही, ते आधी करावे असे त्याला का वाटावे?

केवळ उपदेशाने ही सवय सुटणार नाही, आणि मुदतवाढीने तर ती बळावतेच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की पुढील सत्रात प्रत्येक स्वाध्यायाची एकच दूरची तारीख न देता विषयनिवड, कच्चा मसुदा आणि अंतिम लेखन अशा तीन तारखा पहिल्याच आठवड्यात फलकावर लावाव्यात, कच्चा मसुदा मराठीत लिहिण्यास मोकळीक द्यावी, आणि तो मसुदा प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला समोर बसवून स्वतः वाचावा.