कुत्र्याची जात कळली. स्वभाव कळला का?

श्वानांच्या जातींविषयीचे समज-गैरसमज आणि वस्तुस्थिती

धायरी : सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीत शेतमळ्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि राखणीच्या गावठी कुत्र्यांच्या जोडीला लॅब्रॅडॉर, पग, शित्झू, हस्की, रॉटवायलर ही परदेशी नावे येथे रुळली. बेनकर वस्ती, रायकर मळा या भागांत एखाद्या जुन्या घराच्या अंगणात गावठी कुत्रा साखळीला बांधलेला दिसतो, तर शेजारच्याच इमारतीच्या लिफ्टमधून विदेशी जातीचे पिल्लू फिरायला बाहेर पडते. कुत्र्यांबरोबरच त्यांच्या जातींविषयीच्या समजुतीही घरोघरी पोचल्या आहेत. 'लॅब्रॅडॉर कधी चावत नाही', 'डॉबरमन एक दिवस मालकावर उलटतोच', 'गावठी कुत्र्याला लस लागत नाही' ही त्यांतली काही नेहमीची विधाने.

या समजुतींची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागते. 'गरीब' मानल्या जाणाऱ्या कुत्र्याजवळ लहान मुलाला एकटे सोडले जाते. 'खुनशी' ठरवलेला कुत्रा सोसायटीच्या दबावामुळे रस्त्यावर येतो. थंड प्रदेशातले जनावर एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बांधले जाते. म्हणूनच जात काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

जात म्हणजे काय?

कुत्र्यांच्या 'प्रजाती' असा उल्लेख सर्रास होतो. पण तो चुकीचा आहे. सर्व पाळीव कुत्र्यांची प्रजाती एकच. ग्रेट डेन आणि पामेरियन हे एकाच प्रजातीचे दोन वाण आहेत. शिकार, राखण, गुरे वळणे अशा कामांसाठी माणसाने शेकडो वर्षे निवडीने कुत्र्यांची पैदास केली. मात्र, ठरावीक रंग, उंची आणि ठेवण असलेल्या आजच्या बहुतेक जातींना एकोणिसाव्या शतकात आकार आला. लंडनमधील केनेल क्लबची स्थापना १८७३ मधली. जातीवरून कुत्र्याचे मूळ काम, शरीरयष्टी आणि संभाव्य आजार यांचा अंदाज येतो. एखाद्या घरातला विशिष्ट कुत्रा कसा वागेल, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासाने हे आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्यासाठी १८ हजार ३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या आणि २ हजार १५५ कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी झाली. कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी सुमारे नऊ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो, असे त्यातून दिसले. आज्ञा ऐकण्याच्या वृत्तीवर जातीचा प्रभाव तुलनेने अधिक आढळला. कुत्रा किती चटकन चिडतो, याविषयी मात्र जातीवरून जवळजवळ काहीच सांगता आले नाही.

समज : पिटबुल, रॉटवायलर जन्मतःच खुनशी

लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर या जातीविषयीची भीती देशभर पसरली. पिटबुल जातीचा इतिहास कुत्र्यांच्या झुंजींशी जोडलेला आहे, हे खरे. अशा ताकदवान कुत्र्याने चावा घेतल्यास इजा मोठी होते, हेही खरे. त्यामुळे तो पाळणाऱ्याची जबाबदारी निश्चितच वाढते. पण 'पिटबुलच्या जबड्याला कुलूप असते, एकदा धरले की तो उघडतच नाही' ही केवळ दंतकथा आहे. त्याच्या जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. रॉटवायलर हा तर जर्मनीतील रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरे हाकणारा आणि गाडी ओढणारा कुत्रा होता.

केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री, पैदास आणि पालन यांसाठी परवाने देऊ नयेत, तसेच आधीपासून पाळलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करावी, असे कळविले. यादीत 'टोसा' जातीचा उल्लेख दोनदा होता. 'टेरियर' हा लहानमोठ्या अनेक जातींचा अख्खा गटच तीत समाविष्ट होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी, तर दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिल रोजी हे पत्र रद्दबातल ठरविले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतल्याचा आक्षेप त्यामागे होता.

परदेशांतील अनुभवही बोलका आहे. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली. चावे कमी होत नसल्याचे दिसल्यावर २००८ मध्ये ती मागे घेण्याचा निर्णय झाला. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर निर्बंध आणले आणि २०२३ च्या अखेरीस 'एक्सएल बुली' या प्रकाराची त्यात भर घातली. बंदी घातलेल्या प्रकारांची यादी अशी वाढवावी लागली.

समज : डॉबरमनचा मेंदू वाढतो, मग तो वेडा होतो

डॉबरमनचा मेंदू वयाबरोबर वाढत जातो, कवटी मात्र तेवढीच राहते आणि वेदनेने तो मालकाचाच जीव घेतो, ही कथा किमान दोन पिढ्या सांगितली जात आहे. तिला कोणताही शास्त्रीय आधार नाही. डॉबरमनचा मेंदू कवटीपेक्षा मोठा होत नाही. जर्मनीतील आपोल्डा येथील करवसुली अधिकारी लुई डॉबरमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोबतीला राखणदार हवा म्हणून ही जात विकसित केली. या जातीला खरा धोका हृदयविकाराचा आहे. हृदयाचे स्नायू दुर्बल होण्याचा विकार तिच्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो. मेंदूच्या भाकडकथेत अडकलेला मालक हृदयाची तपासणी मात्र विसरतो.

समज : लॅब्रॅडॉर चावत नाही

लॅब्रॅडॉर स्वभावाने मनमिळाऊ असतो, असा अनुभव अनेकांचा असतो. परंतु दात असलेला प्रत्येक कुत्रा चावू शकतो. लहान मुलांना होणारे अनेक चावे अनोळखी कुत्र्यांचे नसून घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. खाताना कुत्र्याला हात लावणे, झोपेत अंगावर पडणे, कान-शेपूट ओढणे ही त्यामागची नेहमीची कारणे. अंग ताठ करणे, तोंड फिरवणे, ओठ चाटणे, गुरगुरणे हे इशारे कुत्रा बहुधा आधी देतो. 'हा काही करत नाही' अशी खात्री असलेल्या घरात ते इशारे कोणी पाहत नाही.

लॅब्रॅडॉरच्या खादाडपणाला 'लाडावलेला' म्हणून हसण्यावारी नेले जाते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल आढळला. ताटातली उरलेली पोळी प्रत्येक वेळी त्याच्यापुढे टाकणे म्हणजे लठ्ठपणाला आणि सांधेदुखीला आमंत्रण होय.

समज : 'डबल बोन', काळी टाळू आणि कागदपत्रे म्हणजे अस्सल

पिल्लांच्या बाजारात 'डबल बोन' हा शब्द हमखास ऐकू येतो. शरीरशास्त्रात असा प्रकारच नाही. जाड पायांच्या पिल्लाला चढा भाव मिळावा, यासाठी रूढ झालेला हा विक्रेत्यांचा शब्द आहे. टाळू काळी असली की कुत्रा तिखट, किंवा मागच्या पायांना जादा नख असलेला 'वीसनखी' कुत्रा शूर, या समजुतीही निराधार आहेत. टाळूचा काळेपणा रंगद्रव्यामुळे येतो आणि जादा नख आनुवंशिक असते. केनेल क्लबचे नोंदणीपत्र वंशावळ सांगते. आरोग्याची किंवा स्वभावाची हमी देत नाही.

नावांचाही घोळ आहे. आपल्याकडे 'पामेरियन' म्हणून ओळखले जाणारे बहुतेक पांढरे कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. 'अल्सेशियन' आणि 'जर्मन शेफर्ड' या दोन जाती नव्हेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव नकोसे झाल्याने ब्रिटनमध्ये 'अल्सेशियन' हे नाव पडले. मूळ नाव तेथील केनेल क्लबने १९७७ मध्ये पुन्हा स्वीकारले.

समज : एसी असला की हस्की पाळता येतो

सायबेरियन हस्की बर्फात घसरगाडी ओढण्यासाठी घडला आहे. पुण्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खोली थंड करून प्रश्न निम्माच सुटतो. या कुत्र्याला रोज भरपूर पळावे लागते आणि दुपारी ते शक्य नसते. उन्हाळ्यात त्याचे केस मुळापासून भादरणेही घातक ठरते, कारण दुहेरी केसांचा थर त्वचेला उन्हापासूनही वाचवतो.

पगचे दुखणे वेगळे आहे. २००३ मधील 'हच' कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे पळणारा पग लोकप्रिय झाला आणि या जातीची मागणी वाढली. कुत्रा धापा टाकून शरीर थंड ठेवतो. चपट्या नाकाच्या पगला नेमके तेच अवघड जाते. त्याचे घोरणे 'गोड' वाटते. पण ते बहुधा श्वसनमार्ग अरुंद असल्याचे लक्षण असते. भर उन्हात थोडेसे पळणेही त्याच्या जिवावर बेतू शकते.

समज : लहान कुत्रा फ्लॅटला सोयीचा, केस न गळणारा ॲलर्जीला सुरक्षित

आकार आणि शांतपणा यांचा थेट संबंध नाही. बीगल आकाराने लहान असला, तरी तो वासावर धावणारा शिकारी कुत्रा आहे. त्याला दिवसभर बंद घरात ठेवल्यास त्याच्या हेल काढून ओरडण्याचा त्रास साऱ्या मजल्याला होतो. ॲलर्जीला कारणीभूत ठरणारी प्रथिने केसांत नसतात. ती लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. त्यामुळे केस कमी गळणारा शित्झू किंवा पूडल आणला, तरी त्रास होणार नाही याची शाश्वती नसते. कुत्रा घरी आणण्यापूर्वी कुटुंबीयांनी त्याच्या सहवासात काही तास घालवून पाहणे हा साधा उपाय आहे.

समज : देशी कुत्र्याला जात नाही, शिकवण नाही आणि आजारही नाही

मराठवाडा, सोलापूर, सांगली आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले कारवान आणि लांब केसांचे पश्मी हे आपल्या मातीतले शिकारी कुत्रे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव सर्वदूर झाले. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांची जी तिकिटे काढली, त्यांतही मुधोळला स्थान मिळाले. त्याच्या दिसणाऱ्या फासळ्या पाहून उपासमार होत असल्याचा समज होतो. वास्तविक ती त्याची नैसर्गिक ठेवण आहे. मात्र तो नजरेने भक्ष्य हेरून धावणारा आहे. मोकळ्या मैदानाशिवाय त्याला पाळणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

गावठी कुत्रा येथील हवामानाला सरावलेला असतो. तो शिकतोही चांगला. उत्तराखंड पोलिसांच्या श्वानपथकात 'ठेंगा' नावाचा रस्त्यावरचा कुत्रा प्रशिक्षण घेऊन दाखल झाला. तथापि, 'काटक' म्हणजे 'आजारमुक्त' नव्हे. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर हे रोग जात पाहत नाहीत. लस प्रत्येक कुत्र्याला हवी. आयुष्यभर आखूड साखळीला बांधलेला, माणसांत न मिसळलेला कुत्रा कोणत्याही जातीचा असला तरी भित्रा आणि चावरा होण्याची शक्यता वाढते.

पालकांनी काय पाहावे?

धायरीचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. त्यामुळे येथील पाळीव कुत्र्यांसाठीही महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. जात किंवा आकार पाहून कुत्रा पाळण्यास सोसायटीने मनाई करू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसरीकडे, पाळीव प्राण्यापासून कोणाच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी घेण्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम पिटबुलच्या मालकाला जितके लागू आहे, तितकेच शित्झूच्या मालकालाही.

चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. 'घरचाच कुत्रा आहे', 'पिल्लूच तर आहे' म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

पिल्लू निवडताना जातीच्या नावापेक्षा पुढील प्रश्न अधिक उपयोगी पडतात. पिल्लाची आई पाहायला मिळाली का, आणि ती माणसांशी कशी वागते? पिल्लू माणसांत वाढले की पिंजऱ्यात? या जातीत कोणते आजार संभवतात आणि त्यांच्या तपासण्या झाल्या आहेत का? रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला घरातले नेमके कोण जाणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर कोणत्याही जातीचे पिल्लू त्या घरासाठी योग्य नाही.