अकरावीचा पहिला पसंतीक्रम

दहावीचा निकाल लागला की घरोघर पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच घरे झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगेत उभी असलेली दिसतात. गुणपत्रिकेची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र अशी चळत हातात घेऊन पालक ज्या टेबलापाशी पोहोचतात, त्या टेबलामागे बहुधा शिक्षक नसतो. तेथे असतो तालुक्याच्या गावातील संगणक केंद्राचा चालक. पंधरा वर्षांच्या मुलाची पुढील दोन वर्षे, आणि पुष्कळदा त्यापुढील सारीच वर्षे, कोणत्या वाटेने जाणार हे या टेबलावर दहा मिनिटांत ठरते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विपरीत आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे.

कनिष्ठ महाविद्यालय ही संस्था तशी फार जुनी नाही. १९७५ पर्यंत महाराष्ट्रातील मुलगा अकरावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा देई. त्यानंतर १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि शाळा दहावीला संपू लागली. ज्या कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींचा आधार या बदलास घेण्यात आला, त्या आयोगाला मधली दोन वर्षे महाविद्यालयांतून काढून शाळांकडे सोपवावयाची होती. दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी तरी व्यवसायशिक्षणाकडे वळावे, अशीही त्याची अपेक्षा होती. आपण या वर्गांची सोय काही ठिकाणी शाळांत, काही ठिकाणी महाविद्यालयांत केली आणि दोन्हींना ‘महाविद्यालय’ असे भारदस्त नाव दिले. नावाचा परिणाम व्हावयाचा तो झाला. गावातल्या शाळेला जोडलेल्या अकरावीपेक्षा शहरातले ‘कॉलेज’ श्रेष्ठ, हा समज तेव्हापासून रुजला तो आजतागायत. व्यवसायशिक्षणाचे काय झाले, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेणाऱ्या मुलाकडे नातेवाईक ज्या नजरेने पाहतात त्यावरून कळते.

प्रवेशाची जुनी रीत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा, माहितीपुस्तक वेगळे आणि रांगही वेगळी. एकाच हुशार मुलाचे नाव पाच ठिकाणच्या याद्यांत झळके आणि त्याच्यामागचे चारजण उगीच तिष्ठत राहत. देणगीचा व्यवहार कोणत्या खोलीत होतो हे शिपायालाही ठाऊक असे. २००९ साली मुंबई परिसरात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धत आली, पुढे ती पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांत गेली, आणि या गैरप्रकारांपैकी बराच भाग निकालात निघाला. हे श्रेय नाकारता येणार नाही.

त्याच सुमारास निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावयाची याचाही खल झाला. २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा. दोन्ही निर्णय उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ मात्र सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सामायिक परीक्षा घेण्याचे घाटले, तेही उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द ठरविले. या सर्व वादात सरकार, पालकसंघटना आणि वकील यांचे पुष्कळ श्रम खर्ची पडले. ते सारे वाद प्रामुख्याने महानगरांतील नामांकित महाविद्यालयांच्या जागांविषयी होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कारण २०२५-२६ च्या वर्षापासून हीच पद्धत सबंध राज्याला लागू करण्यात आली. मे महिन्यात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली. पहिली यादीही ठरल्या दिवशी लागली नाही. नवी यंत्रणा प्रथम चालताना अशा अडचणी यावयाच्याच, त्यांचा बाऊ करण्यात अर्थ नाही. प्रश्न निराळा आहे. मुंबईसाठी घडविलेला नियम दुष्काळी पट्ट्यातील तालुक्याला जसाच्या तसा बसतो काय?

विद्यार्थ्याने किमान एक आणि कमाल दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यावयाचे. यादीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून तो बाद, मग सर्वांसाठी खुल्या असलेल्या अखेरच्या फेरीची वाट पाहावयाची. मुंबईत या नियमाला तर्क आहे. तेथे जागा अडवून ठेवणाऱ्याला लगाम घालावा लागतो, आणि तेथला मुलगा लोकलने तासाभरात कोठेही जाऊ शकतो.

आमच्या शाळेतील एका मुलीची हकिकत येथे सांगितली पाहिजे. तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर वस्ती, वडील दुसऱ्याच्या शेतात सालाने कामाला, दहावीला शहाऐंशी टक्के. केंद्रचालकाने सद्भावनेनेच तिच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर जिल्ह्याच्या ठिकाणचे नावाजलेले महाविद्यालय घातले. “एवढे मार्क आहेत तर वाया कशाला घालवायचे?” हा त्याचा युक्तिवाद. तालुक्याचे महाविद्यालय त्याने चौथ्या क्रमांकावर लिहिले. तिला पहिली पसंती मिळाली. अंतर एका बाजूने अट्ठेचाळीस किलोमीटर, वर्ग सकाळी साडेसातला, आणि वस्तीवरून निघणारी पहिली एस.टी. तेथे पोहोचते साडेनऊच्या पुढे. वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ही शासनाची उत्तम योजना. पण मोफत पासावर गाडी दोन तास लवकर सुटत नाही.

“सर, पहिला नंबर लागला, पण जायचं कसं?” असे ती मला विचारीत होती तेव्हा जून संपत आला होता. प्रवेश न घेतल्याने ती नियमित फेऱ्यांतून बाद झाली. ऑगस्टमध्ये खुल्या फेरीत तिला तालुक्याच्याच महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला, आणि तो मिळताना काहीही स्पर्धा झाली नाही, कारण त्या वर्गात पहिल्या दिवसापासून बाके रिकामी होती. सहा आठवडे जागा मोकळी होती, विद्यार्थिनी घरी बसून होती आणि दोघांच्यामध्ये नियम उभा होता. त्या काळात तिच्या मामांनी एक ‘स्थळ’ही सुचवून पाहिले होते. हे ज्यांना अतिशयोक्त वाटेल त्यांनी ग्रामीण माध्यमिक शाळेत एक वर्ष काढावे.

या प्रकरणात केंद्रचालकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या टेबलापर्यंत मुलीला जावे लागले ते कोणामुळे? आमच्यामुळे. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. निकाल लवकर लागावा ही जुनी मागणी पुरी झाली, परंतु त्या दिवशी शाळांना उन्हाळी सुट्टी होती आणि ती जूनच्या मध्यापर्यंत संपावयाची नव्हती. ज्या वर्गशिक्षकाला त्या मुलीचे घर, वडिलांची मिळकत, गणितातील गती आणि एस.टी.ची वेळ हे सारे ठाऊक होते, तो, म्हणजे प्रस्तुत लेखक, आपल्या गावी आंब्याच्या सावलीत बसला होता. पूर्वी निकाल जूनमध्ये लागत तेव्हा शाळा उघडलेली असे आणि मुले दाखला नेण्याच्या निमित्ताने दोन शब्द विचारून जात. तो नकळत होणारा सल्ला निकालाच्या तारखेबरोबर नाहीसा झाला, आणि त्याची जागा कशाने भरावयाची याचा विचार कोणी केला नाही.

दुसऱ्या टोकाला काय चालते तेही पाहावे. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. खेळ व कला यांचे सवलतीचे गुण आणि सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज यांमुळे शिखरावर इतकी गर्दी झाली आहे की गुणांवरून गुणवत्तेची पारख करणे अवघड व्हावे. आणि एवढे गुण मिळविणारा विज्ञानाचा विद्यार्थी नेहमीच नामांकित महाविद्यालय मागतो असेही नाही. पुष्कळदा त्याला हवे असते हजेरी न विचारणारे महाविद्यालय. नाव तेथे, शिकवणी खाजगी क्लासात, आणि बारावीला प्रात्यक्षिकापुरते दर्शन, असा हा ‘इंटिग्रेटेड’ संसार असतो. २०१८ साली शासनाने त्याला आवर घालण्यासाठी विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. क्लासांच्या जाहिराती ज्या थाटात झळकतात त्यावरून त्या आदेशाला कोणी भ्याले असे दिसत नाही. म्हणजे गुणानुक्रमाने काटेकोर वाटप करावयाचे, आणि वाटलेल्या जागेवर विद्यार्थी बसतो की नाही हे पाहावयाचे नाही.

राज्यभर अकरावीच्या वीस लाखांहून अधिक जागा आहेत आणि २०२५ मध्ये त्यांपैकी लक्षावधी रिकाम्या राहिल्या. जागा मुबलक असताना प्रवेशाची स्पर्धा असते ती मोजक्या शहरांतील मोजक्या महाविद्यालयांसाठी. त्यांच्यापुरते कडक नियम जरूर असावेत. पण ज्या महाविद्यालयात पहिल्या फेरीनंतरही जागा शिल्लक आहेत, तेथे त्याच तालुक्यातील विद्यार्थ्याला, त्याने पहिली पसंती नाकारली असली तरी, लगेच पुढच्या फेरीत प्रवेश द्यावयास काय हरकत आहे? त्याने कोणाची जागा अडविली असे होत नाही. फार तर त्याने अर्ज चुकीचा भरला एवढाच त्याचा अपराध, आणि तो अर्जही पुष्कळदा त्याने स्वतः भरलेला नसतो.

पसंतीक्रम भरण्याचे काम शाळेतच व्हावे, हा माझा दुसरा आग्रह. अर्जाच्या पहिल्या भागाची तपासणी शाळेकडे सोपविता येते, तर दुसऱ्या भागाच्या वेळी वर्गशिक्षक पालकाशेजारी का बसू नये? शिक्षकांना निवडणूक आणि जनगणना यांची कामे लावताना सुट्टी आड येत नाही. निकालानंतरचे तीन दिवस वर्गशिक्षकाने शाळेत हजर राहावे आणि त्याबद्दल त्याला अर्जित रजा मिळावी, एवढ्यासाठी एका पानाचे परिपत्रक पुरते. माझे काही सहकारी या सूचनेवर नाराज होतील याची मला कल्पना आहे. त्यांच्यापैकी एकाने मला हे बोलूनही दाखविले आणि विचारले, की मुलांनी ऐकले नाही तर? न ऐकोत. त्या मुलीला मी फक्त एवढेच विचारले असते की पहिली गाडी किती वाजता सुटते.