टाकीच्या काठावरचे दहा सेकंद

वाळूजमधल्या एखाद्या प्लेटिंगच्या शेडमध्ये कामगाराच्या हाताकडे बघत उभे राहा. जिगला अडकवलेले जॉब तो क्रोमच्या टाकीतून वर काढतो आणि त्याच झटक्यात धुण्याच्या टाकीत बुडवतो. लालसर-पिवळे थेंब थोडे फरशीवर सांडतात, बाकीचे धुण्याच्या पाण्यात जातात. पीस-रेटवर काम करणाऱ्याला थांबायला सवड कुठली? कारखान्याचा घातक कचरा तयार होतो तो इथेच, मागच्या अंगणातल्या पिंपात नव्हे.

ते थेंब म्हणजे मालकाने पैसे मोजून आणलेले रसायन. पाण्यात गेले की त्यातले विषारी षट्संयुजी क्रोमियम निष्प्रभ करायला आम्ल आणि मेटाबायसल्फाइट लागते, मग चुना टाकून गाळ खाली बसवायचा. क्रोमचे पैसे वाया, ते मारणाऱ्या रसायनांचे पैसे वेगळे, आणि वर गाळ उचलून नेण्याचे बिल. हा गाळ विल्हेवाटीसाठी आपल्याकडून बहुधा शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला जातो. वाळूजचे रांजणगाव शेणपुंजी नव्हे. हे रांजणगाव दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि बिल वजनावर होते.

टाकीवर एक आडवा दांडा बसवा. जिग त्यावर दहा-पंधरा सेकंद टांगली की बरेचसे रसायन मूळ टाकीतच निथळते. दोन टाक्यांमध्ये उताराचा पत्रा लावला की फरशीही कोरडी राहते. धुण्याच्या पहिल्या टाकीला नळ नकोच. तिचे साठलेले पाणी गरम बाथमधली वाफेची तूट भरायला वापरायचे. त्याबरोबर अशुद्धीही परत येते, म्हणून बाथची तपासणी वरचेवर हवी. पुढच्या टाक्यांत ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलट्या दिशेने मागे आणले, तर तेवढ्याच धुण्याला कितीतरी कमी पाणी लागते.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटो आली आणि तिच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने. फॉस्फेटिंग, पेंटिंग, मशिनिंग, सगळीकडे तीच गोष्ट. सीएनसीच्या कूलंटवर गळतीचे तेल साचू दिले की सुटीनंतरच्या पहिल्या शिफ्टला कुबट वास येतो आणि सगळे कूलंट ओतून द्यावे लागते. वरचे तेल रोज काढले, तर तेच कूलंट बरेच दिवस जास्त चालते.

गाळ वाळवण्याचा हिशेबही बघा. शंभर किलो ओल्या गाळात ८० टक्के पाणी असेल, तर घन पदार्थ फक्त वीस किलो. पाणी ५० टक्क्यांवर आणले की वजन उरते चाळीस किलो. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. खाली पक्का तळ आणि वर पारदर्शक छप्पर हवे. वजन घटले तरी त्यातले क्रोम मात्र तेवढेच राहते, हे विसरून चालणार नाही. बिल कमी झाले म्हणजे विष कमी झाले, असे नाही.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनी क्रम स्पष्ट घालून दिला आहे: आधी कचरा होऊच न देणे, मग कमी करणे, पुनर्वापर, आणि विल्हेवाट सर्वांत शेवटी. साठवणुकीला ९० दिवसांची मुदत आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. आपल्याकडे लक्ष राहते ते या मुदतीकडे आणि कचरा वाहतुकीच्या फॉर्म १० च्या फाइलकडे. टाकीच्या काठाकडे कोणी बघत नाही, याची मला खरी काळजी वाटते.

कारण खाम नदी इथून पुढे नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे जाते आणि शेजारचे शहर पाणी पिते तेही जायकवाडीचेच. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम क्रोमियम दहा हजार लिटरचे दोन टँकर त्या मर्यादेला नेऊन ठेवते. बेसॉल्टच्या भेगांमधून बोअरमध्ये उतरलेले क्रोम काढायचे कसे, याला लहान कारखानदाराकडे उपाय नाही.

दांडा बसवायला वेल्डरला फार तर अर्धा दिवस लागेल. पीस-रेट ठरवताना मात्र त्या दहा सेकंदांची मजुरी धरावी लागेल, नाहीतर दांडा रिकामाच राहणार.