खांद्यावरचे आकडे

कोकणातल्या जुन्या घरांत देवांच्या तसबिरींखाली एक तरी काळपट फोटो टांगलेला असतो. डोक्याला फेटा, कमरेला पट्टा, पोटऱ्यांवर गुंडाळलेल्या पट्ट्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमचे आजोबा मिलिटरीत होते." कुठल्या पलटणीत, कुठल्या लढाईत, ते मात्र कुणाला सांगता येत नाही. मिलिटरीत असतीलच असंही नाही म्हणा! रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या पोलिसांत, गोदीत, आगबोटींवर इतकी माणसं गेली की पितळी बटणं दिसली म्हणून शिपाईगडी समजण्यात अर्थ नाही.

आमच्याकडचा फोटो पणजोबांचा. गावात आमच्या घराला 'सुभेदारांचं घर' म्हणतात. या मुलखात ही पदवी साधी नव्हे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. लष्करात सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. आता चुलतभाऊ जुनं घर पाडून नवं बांधतोय आणि दारावर 'सुभेदार निवास' अशी संगमरवरी पाटी लावणार आहे. म्हणून म्हटलं, पाटी कोरण्याआधी फोटो एकदा नीट पाहू.

असा फोटो पाहायचा तो बाहीपासून. दंडावर टोक खाली असलेली फीत एक असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन म्हणजे हवालदार. जमादार-सुभेदारांना फिती नसत, खांद्यावर चांदण्या असत. डाव्या मनगटाजवळ टोक वर असलेल्या फिती दिसल्या तर त्या हुद्द्याच्या नव्हेत, चांगल्या वर्तणुकीच्या. रंगांवरही विश्वास ठेवू नये. त्या काळच्या बहुतेक काचांना तांबडा रंग दिसतच नसे. लाल कोट फोटोत काळा येई आणि निळा फिका.

पणजोबांच्या दंडावर फीत नाही. खांद्यावर चांदणीही नाही. आहेत ते पितळी आकडे. भिंगातून दोन एक स्पष्ट दिसतात. तिसरा आकडा सात किंवा चार, तिथे नेमकी बुरशी. पावसाळ्याने कोकणातले किती पुरावे खाल्ले असतील!

तरी एवढ्याने बरंच कळतं. १९०३ साली किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या जुन्या पायदळ पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. सतरावीची एकशेसतरावी मराठा झाली, चौदावीची एकशेचौदावी. १९२२ साली हे आकडेही गेले आणि मराठ्यांच्या सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणजे फोटो या एकोणीस वर्षांतला.

सात की चार, हे आत्याने सोडवलं. तिची नव्वदी उलटली आहे. ती सहज म्हणाली, "आजा कुतात होता." आम्हां मुलांना 'कुत' हे वरच्या अंगाचं एखादं गाव वाटायचं. ते मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं, कूत-अल-अमारा. तिथे पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शेवटी शेवटी घोडे कापून खायची पाळी आली; हिंदी शिपाई कित्येक आठवडे त्याला शिवले नाहीत आणि भुकेने खंगले. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यातल्या पुष्कळांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि हजारो परतलेच नाहीत. या वेढ्यात एकशेतीन, एकशेदहा आणि एकशेसतरा या मराठा पलटणी होत्या. एकशेचौदा नव्हती.

"आजा टांग्यात बसायचा नाही," आत्या म्हणाली. "बाजारात जायचं तर चालत. आम्हांला वाटायचं, चिक्कू आहे."

पक्का पुरावा मिळाला तो ट्रंकेत. पणजोबांचं चांदीचं पदक आजीने कधीच सोनाराला देऊन पैंजण केले होते. ब्राँझचं सोनाराने घेतलं नाही, म्हणून राहिलं. पहिल्या महायुद्धाच्या या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. (तुमच्याकडे असेल तर चिंच लावून घासू नका, अक्षरं जातात.) कडेवर पणजोबांचं नाव होतं, एकशेसतरावी मराठा होती आणि हुद्दा होता शिपाई.

कडेवरच्या या ओळीची किंमत बसऱ्याच्या युद्धस्मारकाची माहिती वाचताना कळली. मेसोपोटेमियात मेलेल्या, थडगं ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीगणिक नुसता आकडा. पणजोबा परत आले नसते तर त्या आकड्यात एकाची भर पडली असती.

चुलतभाऊ नाराज झाला. गावाने सुभेदार म्हटलं ते काय उगीच? बहुधा कैदेतून जिवंत परतलेल्या माणसाला गावानेच बढती दिली असावी, असं मला वाटतं. त्याला ते पटत नाही. आत्यापुढे वाद गेला. ती म्हणाली, "शिपाई लिही. पण कूत लिही."

पाटीवाला अक्षरावर पैसे घेतो. भाऊ अजून हिशेब करतोय.